ती एक गोळी कमी करा

आत्ताच मेडिकलमधून आलोय. डोकं फिरलंय. लांबडं होणार आहे, आधीच सांगतो.

माझ्यापुढं एक काका होते, साठीच्या पुढचे, गुडघ्याला पट्टा. चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "ह्यातली ती गॅसची गोळी कमी करा ओ. दुखायची तेवढी द्या." पोरानं मान वर केली नाही. कात्रीनं डायक्लोफेनॅकच्या १० गोळ्या कापल्या, पाकिटात टाकल्या, "पुढं कोण?"

अगदी हेच वाक्य आमचे अण्णा बोलले होते. २०१९ साली. चादरीच्या कारखान्यात ३० वर्षं मागापुढं उभं राहून गुडघे गेलेले. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहिल्या, अण्णांनी एक कमी केली. ७० रुपये वाचवले. घरी येऊन आईला कौतुकानं सांगितलं, "गॅस कुठं झालाय मला? डॉक्टरचं कमिशन असतंय त्यात."

सगळा घोळ त्या नावाचा आहे. पँटोप्राझोलला आपण 'गॅसची गोळी' म्हणून बसलोय. ज्याला ढेकर येत नाही तो म्हणणारच, मला कशाला? अरे पण इथं ती गॅससाठी लिहिलेलीच नसते! पोटातलं ॲसिड इतकं जहाल असतं की आतून तो बुळबुळीत थर नसता तर पोटानं स्वतःलाच पचवलं असतं. तो थर टिकवायला प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य लागतं. दुखायची गोळी नेमकं तेच बनू देत नाही, कारण गुडघ्यातली सूज आणि ठणकाही त्याच्यामुळंच वाढतो. गुडघा कुठला नि पोट कुठलं, गोळीला काय कळणार? भिंतीचा गिलावा निघतो, ॲसिड मात्र सुटतच राहतं. पँटोप्राझोल ते ॲसिड सोडणारे पंपच बंद करते, म्हणून उघडी भिंत वाचते.

"पण आम्ही जेवून घेतो की." अण्णाही जेवूनच घ्यायचे. कडक भाकरी, वर शेंगाचटणी. काय उपयोग? गोळी रक्तात जाते आणि रक्तातून पोटापर्यंत येऊन तेच करते. इंजेक्शन घेतलं तरी सुटका नाही. त्यात अण्णांना हृदयासाठी ॲस्पिरिन चालू, तीही त्याच जातीची, म्हणजे दोन्हीकडून मार.

दीड महिन्यानं पहाटे अण्णांना संडासात चक्कर आली. दोन दिवस डांबरासारखं काळं होत होतं म्हणे, पण असलं बोलायचं कुणाशी, म्हणून गप्प बसले. दुर्बिणीतून पाहिलं तर जठरात अल्सर, त्यातून रक्त चाललेलं. दोन बाटल्या रक्त चढवलं. ७० रुपये!

आणि भेटायला आलेले पाहुणे काय म्हणत होते? "शेंगाचटणी बंद करा." अरे बाबांनो, तिखटानं जळजळेल, पण अल्सरची मोठी कारणं दोन, ह्या दुखायच्या गोळ्या आणि एच. पायलोरी नावाचा जंतू. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शलनं १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन स्वतःचं पोट बिघडवून दाखवलं, २००५ मध्ये रॉबिन वॉरनबरोबर नोबेल मिळवलं. आमची गाडी अजून चटणीवरच.

बरं, मान्य. तिशीतल्या धडधाकट पोराला दोन दिवसांच्या गोळीसोबत ती लागेलच असं नाही. आणि आमच्या ऑफिसात भजी हाणून वर रोज पँटोप्राझोल गिळणारे महाभाग आहेत, तेही चूकच. वर्षानुवर्षं उगाच घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, आणि ती घ्यायची असते जेवणाआधी अर्धा तास, भज्यांनंतर नाही. पण साठीपुढचा माणूस, रोजची डायक्लोफेनॅक, आणि काटकसर नेमकी तिथं?

मघापासून त्या दुकानातल्या पोरावर चरफडतोय. पण खरं सांगू? त्या दिवशी अण्णांना गाडीवर बसवून मेडिकलला मीच नेलं होतं. मोबाईलमध्ये डोकं घालून शेजारी उभा होतो. "ती एक कमी करा" हे मी ऐकलं होतं. पैसेही मीच दिले होते.

म्हणून आज तोंड उघडलं. "काका, ती पण घ्या की, पोटासाठी असते ती." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुम्ही डॉक्टर का ओ?"

नाही म्हटलं. ते पाकीट खिशात घालून गेले.

मी अण्णांच्या पँटोप्राझोलचीच पट्टी आणायला गेलो होतो. ॲस्पिरिन सुटणार नाही, म्हणून हीही सुटत नाही. सकाळी साडेसहाला घेतात आणि सात वाजेपर्यंत घड्याळाकडं बघत चहासाठी कुरकुरत बसतात. आई काही कप हातात देत नाही.