अजगर माप घेत नाही, आणि नागाचा जबडा निखळत नाही

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. अजगराचा फोटो, लाल अक्षरं, खाली ‘ही माहिती प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोहोचवा’. मजकूर थोडक्यात असा: मोठं भक्ष्य गिळण्याआधी साप स्वतःचा जबडा निखळवतो. गिळून झालं की जांभई देऊन तो परत बसवतो. तोवर कुठलाही साप, अगदी नागसुद्धा, चावू शकत नाही, म्हणून त्याला पकडायची हीच वेळ. आणि अजगर तर शिकारीशेजारी ताणून पडून आधी माप घेतो.

एरवी डिलीट करून मोकळा झालो असतो. पण दिंडोरीच्या माझ्या भाच्याचा फोन आला, “मामा, नाग बेडूक गिळत असेल तेव्हा शेपटी धरली तर चालते ना?” द्राक्षबागेत राहणारं पोर. तिथे उंदीर आहेत, म्हणजे सापही आहेत.

नाही चालत. अर्धा बेडूक तोंडात असलेला साप त्या क्षणी चावू शकत नाही, एवढं मी मान्य करतो. पण ते तोंड भरलेलं असतं म्हणून, जबडा सुटलेला असतो म्हणून नाही. आणि तोंड रिकामं करायला त्याला कितीसा वेळ लागतो? धोका वाटला की साप तोंडातलं भक्ष्य टाकून देतो, कधी पोटातलंही ओकून काढतो, कारण त्याला पळायचं असतं. तेव्हा शेपटी तुमच्या हातात असेल तर तो कुणाकडे वळेल? नागाचे विषदंत वरच्या जबड्यात पुढे पक्के बसलेले असतात, गिळताना ते कुठे जात नाहीत. घोणशीचे दुमडतात, पण हवे तेव्हा उघडतातही. शिवाय गिळणाऱ्या सापाने फणा काढलेला नसतो, डोकं ताणून वेडंवाकडं झालेलं असतं. ‘धामणच आहे’ म्हणून हात घालायला याहून वाईट वेळ नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली साप पकडणं गुन्हा आहे, ते वेगळंच. लांब उभं राहा आणि वनविभागाच्या १९२६ला फोन करा. चावलाच तर थेट सरकारी रुग्णालय गाठा, हा मेसेज पाठवणाऱ्याला विचारत बसू नका.

आता जबड्याकडे. सापाच्या खालच्या जबड्याचे डावा आणि उजवा असे दोन भाग असतात. आपल्या हनुवटीत ते एकसंध हाड असतं. सापात ते पुढे जुळलेलेच नसतात, मध्ये ताणला जाणारा अस्थिबंध, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा असतो. मागच्या बाजूला कवटी आणि खालचा जबडा यांच्यामध्ये क्वाड्रेट नावाचं हाड असतं. बऱ्याच सापांत ते लांबट आणि सैल असतं, त्यामुळे जबडा खाली आणि बाजूलाही फाकतो. सांधा जागेवरच राहतो. तो खरोखर सुटला असता तर स्नायूंनी ओढायचं कशाला? मग साप गिळतो कसा, तर उशीवर अभ्रा चढवावा तसा. एका बाजूचे मागे वळलेले दात भक्ष्यात रुतवून ठेवायचे, दुसरी बाजू पुढे सरकवायची, मग उलट. भक्ष्य आत जातं म्हणण्यापेक्षा सापच त्याच्यावर चढत जातो.

अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ ब्रूस जेन यांनी सहकाऱ्यांसोबत २०२२मध्ये बर्मी अजगरांचा हा ‘आ’ चक्क मोजून प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबात उघडलेल्या तोंडाच्या एकूण क्षेत्रफळापैकी सरासरी ४० टक्क्यांहून थोडा जास्त वाटा खालच्या जबड्याच्या दोन भागांमधल्या ताणल्या जाणाऱ्या कातडीचा निघाला. म्हणजे ज्या करामतीचं श्रेय मेसेज निखळलेल्या हाडांना देतो, तिच्यातला मोठा हिस्सा कातडीचा आहे.

जांभईचं म्हणाल, तर खाल्ल्यावर बरेच साप खरंच जांभई देतात. ताणलेले भाग जागेवर आणतात, इतकंच. मुळात निखळलंच नाही ते बसवणार काय?

राहिलं माप. दबा धरून बसणारा प्राणी शिकारीशेजारी सरळ पसरून आपला बेत कशाला उघड करेल? अजगर वेटोळं घालून गप्प पडतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झडप घालतो. आणि त्याचा अंदाज चुकतोही. २००५मध्ये फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये बर्मी अजगर आणि त्याने गिळलेली मगर, म्हणजे तिथली ॲलिगेटर, दोन्ही मेलेले सापडले. अजगराचं पोट फाटलेलं आणि मगर त्यातून बाहेर आलेली. नेमकं कशाने फाटलं यावर वाद आहे, पण टेप लावून जेवणाऱ्याचं ताट असं दिसत नाही.

‘कुठलाही साप तोंडाच्या दहापट मोठं गिळतो’ अशीही एक ओळ त्यात आहे. कुंडीतल्या मातीत सापडणारा, गांडुळासारखा दिसणारा वाळा मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-पिल्लं खातो. त्याच्यासमोर उंदीर ठेवून बघा.