राग कोणता, हे नंतर बघू

पक्षाघाताचा झटका आलेल्या साधारण तीनपैकी एका रुग्णाला पुढे नैराश्य गाठतं. पण आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वाद रंगतो तो संगीतातला अमुक राग अमुक रोगावर चालतो की नाही, यावर. एकजण रागांची यादी टाकतो, दुसरा ‘हे सगळं थोतांड’ म्हणून मोकळा होतो. केंब्रिजमध्ये बसून हे वाचताना मला दोघांचीही चीड येते. ज्याच्यावरून वाद चाललाय, त्या आजारी माणसाला कुणी काही विचारलेलंच नसतं.

पक्षाघाताने माझ्या सोलापूरच्या काकांची वाचा गेली आणि उजवी बाजू लुळी पडली. ते व्यायामाला नाही म्हणायचे, की घरचे म्हणायचे, ‘हट्टी झालेत.’ उशाशी दिवसभर अभंग लावलेले असत. उभं आयुष्य लावणीवर जीव टाकलेला हा माणूस! प्रेमापोटीच चाललं होतं सगळं, पण ‘काका, काय लावू?’ असं कुणी विचारलं नाही. बोलता येत नसलं तरी दोन गाणी ऐकवली असती तर मान हलवून सांगता आलं असतं त्यांना.

२००८ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात हेलसिंकीचा एक अभ्यास आला. तेप्पो सॅरकॅमो आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या ६० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाने दोन महिने रोज निदान तासभर संगीत ऐकलं, दुसऱ्याने बोलकी पुस्तकं, तिसऱ्याला नेहमीचेच उपचार. संगीतवाल्यांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त सुधारली, आणि नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा त्यांची उदासीही कमी राहिली. संगीत ज्याचं त्याने निवडलेलं होतं. रागांची यादी पाठवणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

इथे केंब्रिजच्या अ‍ॅडनब्रुक्स रुग्णालयात, पक्षाघाताच्या वॉर्डात, दोन वर्षं संगीतोपचार करून पाहिले गेले. १७७ रुग्णांची ६७५ सत्रं झाली. दुबळ्या हाताने वाद्य वाजवायचं, ठेक्यावर हालचाल करायची, शब्द सुचत नसतील तर गाऊन बघायचं. आधी-नंतर मनःस्थिती नोंदवली, तेव्हा दुःख थोडं उतरलेलं दिसलं. याने नैराश्य बरं होतं असा दावा मी करणार नाही. त्यासाठी अजून मोठे अभ्यास हवेत, आणि गरज असेल तिथे औषध आणि समुपदेशन लागतंच.

ही सोय ब्रिटनमध्येही प्रत्येक रुग्णालयात नाही. पण संगीतोपचारक म्हणवून घ्यायला इथे कायद्याने नोंदणी लागते. आपल्याकडे कुणीही पाटी लावू शकतो, म्हणून थोतांड म्हणणाऱ्यांचं फावतं आणि चांगलं काम करणारेही त्यात भरडले जातात. प्रशिक्षण आणि नोंदणी मागूया. तोवर घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला ठेका धरून चालवायला सांगता येईल, आणि डॉक्टरांना रक्तदाबाबरोबर ‘यांचं मन कसं आहे?’ हेही विचारता येईल.