बिनलायसनचे सल्ले

छऱ्याची बंदूक ०.१७७ इंच बोअरची आणि तिचा जोर २० जूलच्या आतला असला की तिला लायसन लागत नाही. त्यामुळे तिच्याबद्दलचे सल्लेही बिनलायसनचे सुटतात.

बेळगावच्या पावसानं आमची बंदूक पार सादळली. छरा नळीबाहेर यायचा खरा, पण अंगणातल्या करवंटीपर्यंत जायची त्याची इच्छा दिसेना. लगेच मंडळी जमली. आत्या म्हणाली खोबरेल घाल. शेजारच्या मामांचं मत शिवणयंत्राचं तेल. कुणीतरी एरंडेल सुचवलं, ते बहुधा मलाच उद्देशून असावं. एवढ्यात काकांनी नळीमागच्या भोकात मशीन-तेलाची बाटली पालथीच केली. स्प्रिंगनं दट्ट्या पुढं रेटला की कोंडलेली हवा तापते आणि आतलं तेल पेटतं, हे मी सांगेपर्यंत मोठा बार झाला, धूर निघाला.

"बघ, ताकद आली!" काका खुशीत.

ताकद कसली, डिझेल इंजिन झालं होतं. असे बार काढत राहिलं तर स्प्रिंग तुटते.

मग जरा शहाण्यासारखा तपास. छरा भरायला नळी जिथं वाकवतात त्या सांध्यावर पातळ कागदाचा कपटा ठेवला आणि छरा घालून बार काढला. (रिकामा काढायचा नाही. पुढं छऱ्याचा अडसर नसला की दट्ट्या थेट टोकावर आदळतो.) कपटा हलला नाही. म्हणजे सांध्याचा वायसर शाबूत, दुखणं दट्ट्याच्या चामडी वायसरचं.

आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. मागची खीळ नुसती उपसली तर कपाळमोक्षच. म्हणून सुताराचा शिकंजा लावला, काकांना चहाला पाठवलं आणि एकेक आटा सैल करत ती बाहेर घेतली. वायसर निघाला तो आमसुलासारखा, काळा आणि आक्रसलेला.

उद्यमबागेत लोखंडाचा हवा तो पार्ट लेथवर काढून मिळतो, पण चामडं म्हटलं की सगळे हात वर करतात. म्हणून कोल्हापुरी चपला करणाऱ्यांची अथणी गाठली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे मूळ ठिकाणाचा सरकारी शिक्का, मिळाला तो महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात आपला बेळगावही आहे. दोन्ही राज्यांचं एवढं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं मला तरी आठवत नाही.

कारागिरानं नमुना उलटसुलट बघितला, चामडं भिजवून ठोकून वाटीसारखं वळवलं आणि दोन वायसर पुढ्यात ठेवले.

"मला एकच पाहिजे ओ."

"एकाचा भाव कसा सांगू? आमच्यात जोडीचा भाव असतंय. घेऊन जावा की."