फोनवरच्या श्रवण चाचणीविषयी आपण लिहिलेल्या अभिप्रायास केंद्राचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

टिळक रस्त्यावरील आमच्या केंद्रात गेल्या आठवड्यात आपण वडिलांची श्रवण तपासणी करून घेतलीत आणि त्यानंतर एक तारा देऊन सविस्तर अभिप्राय लिहिलात. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: घरी एका मोबाईल ॲपने वडिलांना शंभरपैकी ८२ गुण दिले आणि दुसऱ्या ॲपने डाव्या कानाला १० व उजव्या कानाला ३५ डेसिबल असे आकडे (जेमतेम ऐकू येणाऱ्या सर्वांत मंद आवाजाची पातळी; आकडा जितका मोठा तितके ऐकणे कमी) दाखवले; आमच्याकडे मात्र ते आकडे ३० आणि ५५ आले, तपासणी चालू असताना चांगल्या कानात मुद्दाम ‘सूं’ असा आवाज सोडण्यात आला, पन्नास मिनिटे थांबावे लागले, ॲपचा उल्लेख करताच ‘ते खेळणे आहे’ असे उत्तर मिळाले आणि अहवाल हातात पडण्याआधीच काउंटरवर श्रवणयंत्राच्या सवलतीचे बोलणे सुरू झाले. यंत्र विकण्यासाठी आकडे वाढवून दाखवले जातात, असा निष्कर्ष आपण यावरून काढला आहे.

वडिलांचा अहवाल ही त्यांची खासगी बाब असल्याने आपण स्वतः जाहीर केलेल्या आकड्यांपलीकडे मी येथे जाणार नाही. मात्र तेवढे चार आकडेही पुष्कळ सांगतात. ते एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहावेत, अशी माझी विनंती आहे. आपल्या ॲपनुसार दोन कानांतला फरक २५ डेसिबल आहे आणि आमच्या यंत्रानुसारही तो २५ डेसिबलच आहे. बदल झाला आहे तो दोन्ही कानांच्या आकड्यांत सारखाच, म्हणजे २० डेसिबलचा. याचा अर्थ आपल्या फोनने चुकीचे काही पाहिले नाही. त्याचा शून्य फक्त वेगळ्या जागी होता, जसे वजनकाट्याचे रिकामे पारडेच शून्याच्या खाली असले तर प्रत्येक वस्तू सारख्याच मापाने हलकी भरते.

शून्य सरकण्याचे कारण असे की ॲपला आपला इअरफोन प्रत्यक्षात किती मोठा आवाज काढतो हे सहसा ठाऊक नसते. तोच फोन आणि तेच ॲप असले तरी एका कंपनीचा इअरफोन काढून दुसऱ्या कंपनीचा लावला, किंवा इअरफोनचे रबर कानात नीट बसले नाही, तर कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा आवाज बदलतो, आणि ॲप मात्र आधीच्याच हिशेबाने आकडा लिहीत राहते. वडिलांच्या कानात प्रत्यक्ष आवाज ॲपला वाटत होता त्याहून २० डेसिबल मोठा जात असावा, म्हणून त्यांनी लवकर बटण दाबले आणि आकडा कमी आला. २० डेसिबल हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु आवाजाच्या तीव्रतेत तो शंभर पटींचा असतो. आमच्या ऑडिओमीटरचे, म्हणजे श्रवण मोजणाऱ्या यंत्राचे, कॅलिब्रेशन (मापाची पडताळणी) दर वर्षी त्याला जोडलेल्या इअरफोनसह करून घ्यावे लागते आणि इअरफोन बदलला तर ते पुन्हा करावे लागते. चूक उलट्या दिशेनेही होऊ शकते: पंखा चालू असलेल्या किंवा रस्त्याच्या बाजूच्या खोलीत चाचणी केली तर खालच्या पट्टीतले, २५० आणि ५०० हर्ट्झचे मंद आवाज बाहेरच्या घरघरीत बुडतात आणि चांगला कानही अधू दिसतो.

८२ गुणांविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. आपण केलेल्या वर्णनावरून ती पार्श्वभूमीच्या खरखरीत तीन-तीन अंक ओळखण्याची चाचणी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याच प्रकारचे ॲप सर्वांसाठी खुले केले आणि प्राथमिक चाळणी म्हणून मी स्वतः ते लोकांना सुचवतो. पण या चाचणीत सुरुवातीला आपल्याला सोयीचा वाटेल इतका आवाज वाढवून घेता येतो आणि पुढे फक्त अंक खरखरीपेक्षा किती वर राहिले तर कळतात एवढेच मोजले जाते. कानात मळ साचला असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, तर अंक आणि खरखर दोन्ही सारखेच मंद होतात व गुण चांगले पडू शकतात. शिवाय आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी आणि एकसारखाच दिला जात असेल, तर बरा कान दुसऱ्याचे काम निभावून नेतो. त्यामुळे ८२ गुण खरे असूनही उजव्या कानाविषयी त्यांतून काहीच कळत नाही.

आता त्या ‘सूं’ आवाजाविषयी. आपल्याला त्याचा संशय येणे स्वाभाविक होते, कारण तो कशासाठी आहे हे आम्ही आधी सांगितले नाही. कानामागच्या हाडावर छोटा व्हायब्रेटर ठेवून केलेली चाचणी अडचण बाहेरच्या व मधल्या कानात आहे की आतल्या कानात, हे ठरवते. हाडातून जाणारे कंपन कवटीभर पसरते आणि दोन्ही आतल्या कानांपर्यंत जवळपास सारखेच पोहोचते. उजव्या बाजूला ठेवलेल्या व्हायब्रेटरचा आवाज डावा कान ऐकतो आणि माणूस प्रामाणिकपणे ‘ऐकू आले’ म्हणून बटण दाबतो. म्हणून तेवढा वेळ डाव्या कानाला त्या आवाजात गुंतवून ठेवावे लागते. याला मास्किंग म्हणतात. आमच्या क्रमानुसार इअरफोनची चाचणी आधी पूर्ण होते, त्यामुळे ५५ हा आकडा ‘सूं’ आवाज सुरू होण्यापूर्वीच नोंदला गेला होता. चाचणीचा हा भाग फोनच्या साध्या इअरफोनने करता येत नाही.

इतके सांगितल्यावर जिथे आपण बरोबर आहात ते तितक्याच स्पष्टपणे मान्य करणे माझे कर्तव्य आहे. दोन कानांत एवढा फरक असताना पहिले बोलणे कान-नाक-घसा तज्ज्ञांचे व्हायला हवे होते. अहवालाच्या तळाशी तो सल्ला लिहिलेला असतो, पण काउंटरवर यंत्राची किंमत आधी निघाली, आणि अशा वेळी कुटुंबाने आकड्यांवर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करणे योग्य नाही. ॲपला खेळणे म्हणणेही चूकच होते. त्या ॲपमुळेच आपण वडिलांना घेऊन आलात. याबद्दल मी वडिलांची आणि आपली मनापासून क्षमा मागतो. या सोमवारपासून तपासणीच्या दिवशी, रुग्णाने स्वतः विचारल्याखेरीज, यंत्राच्या किमतीचा विषय आमच्याकडे कोणीही काढणार नाही आणि मास्किंग सुरू करण्यापूर्वी त्याचे कारण मराठीत सांगितले जाईल. पन्नास मिनिटांच्या खोळंब्याचे कारण आधीच्या लहान मुलाची लांबलेली तपासणी हे होते. तेही आपल्याला वेळेवर कळवायला हवे होते.

आपली तयारी असेल तर वडिलांची तपासणी मी स्वतः, विनाशुल्क, पुन्हा करेन. येताना तोच फोन आणि तोच इअरफोन आणावा. माझा ऑडिओग्राम, म्हणजे माझ्या श्रवणाचा आलेख, माझ्याकडे आहेच. आमच्या ध्वनिरोधक खोलीत तेच ॲप आधी माझ्या कानावर चालवू, म्हणजे आपल्या फोनचा शून्य किती सरकला आहे हे आपल्यासमोरच दिसेल.

परंतु त्याआधी एक गोष्ट वडिलांना आजच विचारावी. उजव्या कानाचे ऐकणे वर्षानुवर्षे हळूहळू कमी झाले आहे की गेल्या काही दिवसांत एकाएकी गेले? एकाएकी गेले असेल तर माझ्याकडे येण्याची वाट पाहू नये. अशा वेळी उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ऐकणे परत येण्याची शक्यता अधिक असते, म्हणून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. आमचा अहवाल सोबत न्यावा, तो पटला नसेल तरीही.

आपला,
केंद्रचालक व ऑडिओलॉजिस्ट, पुणे