रोज मरे त्याला कोण रडे?

परवा कोथिंबीर निवडत असताना फोनवर गोळीबाराची बातमी झळकली. मी आधी आकडा पाहिला, मग राज्य पाहिले, तिकडे आपले कोणी राहत नाही याची मनाशी खात्री केली आणि पुन्हा जुडीकडे वळले. डिसेंबर २०१२ मध्ये इथे अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यातील सँडी हुक शाळेत सहा-सात वर्षांची २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली, तेव्हा मी न्यू जर्सीत नुकतीच आले होते आणि त्या रात्री मला घास गिळवला नव्हता.

त्या वेळी वाटले होते की आता तरी कायदा बदलेल. एप्रिल २०१३ मध्ये बंदूक घेणाऱ्याची पूर्वतपासणी अधिक व्यापक करणारा प्रस्ताव सिनेटपुढे आला, त्याला ५४ मते मिळाली, हवी होती ६०. अमेरिकी समाज कोडगा आहे असे आपण गावाकडे फोनवर सहज बोलून जातो. मला मात्र वाटते की इथल्या माणसांना दुःख कमी झाले नाही, त्या दुःखाने काहीही हलत नाही हे त्यांना त्या दिवशी कळून चुकले. २०२२ मध्ये टेक्सासमधील युवाल्डी येथे १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या आणि पोलीस तासाभराहून अधिक काळ वर्गाबाहेर थांबून राहिले. त्यानंतर महिनाभरात एक केंद्रीय कायदा झाला खरा, पण तोवर लोकांनी आशा धरणेच सोडून दिले होते.

‘रोज मरे त्याला कोण रडे’ ही आपली म्हण इथे चपखल बसते असे मी बरेच दिवस धरून चालले होते, पण ती बसत नाही. म्हणीतला माणूस रोज तोच असतो. इथे रोज दुसराच कोणी मरतो आणि त्याच्या घरासाठी ते मरण पहिलेच असते. २०२३ मध्ये बंदुकीने ४६,७२८ माणसे गेली, म्हणजे दिवसाला सरासरी १२८. त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या, ज्यांची बातमीही होत नाही. ‘सामूहिक गोळीबार’ या सदरात मोडण्यासाठी एका प्रचलित मोजणीनुसार किमान चौघांना गोळी लागावी लागते. तिघांना लागली तर ती त्या गावापुरती घटना. आपल्या हळहळीलाही अशी किमान मर्यादा घातली गेली आहे आणि ती हळूहळू वर सरकते आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांत मिशिगनमधल्याच ऑक्सफर्ड गावच्या शाळेतील २०२१ च्या गोळीबारातून वाचलेली मुले होती आणि लहानपणी सँडी हुक अनुभवलेली एक मुलगीही होती. ही बातमी मी वाचली, ‘काय योगायोग!’ असे म्हणाले आणि पुढची बातमी उघडली. योगायोग हा शब्द मला सुचावा, याची लाज आता वाटते.

मराठी मंडळातील एक काका मला समजावतात की आपल्याच मुलाच्या शाळेत असे घडण्याची शक्यता फार कमी आहे. ते खरेच आहे. पण सराव तर प्रत्येक शाळेत होतो. न्यू जर्सीत महिन्याला आगीचा एक आणि सुरक्षेचा एक सराव कायद्यानेच घ्यावा लागतो. माझी सहा वर्षांची लेक दिवे मालवून, दाराला कुलूप लावून, खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात गप्प बसायला शिकली आहे. चालताना लाल दिवे लुकलुकणारे बूट शाळेत नकोत, अंधारात ते दिसतात, असे बाईंनी सांगितले, तेव्हा मी मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी साधे करडे बूट मागवले.

रविवारी व्हिडिओ कॉलवर साताऱ्याहून आईने विचारले, “अगं, तिला ते दिव्यांचे बूट हवे होते ना? मग हे कसले घेतलेस?” “ते लवकर खराब होतात गं,” असे म्हणून मी विषय बदलला.