प्लेटा आहेत का तुझ्याकडे?

आज लेकीच्या शाळेत पालकसभा होती. एक पाहुणे बोलावले होते, विषय 'मुलं आणि स्क्रीन'. पहिली वीस मिनिटं ठीक गेली. झोप, डोळे, पाठीला येणारा बाक, सगळं पटण्यासारखं. मग गाडी गेमवर आली आणि पाहुणे म्हणाले, "हे गोळीबाराचे खेळ एवढे का खपतात माहितीये? माणसाला आतून रक्तच आवडतं म्हणून. जो हे खेळतो त्याच्या मनात काय शिजतंय ते घरच्यांनी वेळीच ओळखावं." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाईंनीही वाजवल्या.

मी बेचाळीस वर्षांचा माणूस. वीस-बावीस वर्षं हे खेळ खेळतोय. आणि मान खाली घालून बसून राहिलो. येताना स्कूटरवर मागून लेकीने विचारलं, "बाबा, तू का नाही बोललास?"

म्हणून इथे बोलतोय. लांबेल.

तुम्ही सगळे मला ओळखता, कराडची मंडळी तर दादालाही ओळखतात. आमच्यात काय झालं होतं ते तुम्हाला नव्याने सांगायला नको. अण्णा गेले, वर्षभरात विहिरीकडच्या दीड एकरावरून आमचं वाजलं, आणि २०१८ च्या दिवाळीनंतर आम्ही सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झालो. तो मँचेस्टरला, मी इथे. आई एकाची खुशाली दुसऱ्याला सांगायची. मी नुसतं 'हं' म्हणायचो.

एप्रिल २०२०. सगळे घरात कोंडलेले. पुतण्या एकोणीस वर्षांचा, कॉलेज बंद. त्याचा मेसेज आला, "काका, वॉरझोन उतरवून घे, फुकट आहे." कॉल ऑफ ड्यूटी ही गोळीबाराच्या खेळांची मालिका काढणाऱ्यांचा हा गेम १० मार्चला आला होता, बरोबर टाळेबंदीच्या तोंडावर. माझ्या नेटवर उतरायला अडीच दिवस लागले. तिघांची टीम लागते. पुतण्या, मी, आणि तिसरा कोण ते त्याने सांगितलं नाही. विमानातून उडी मारली, पॅराशूटने उतरलो, एका पडक्या घरात शिरून बंदूक शोधत होतो आणि हेडसेटमधून आवाज आला.

"प्लेटा आहेत का तुझ्याकडे?"

प्लेटा म्हणजे चिलखताच्या पट्ट्या. अंगावर तीन बसतात, गोळ्या लागल्या की तुटतात, मग नव्या घालायच्या, नसतील तर जोडीदाराकडे मागायच्या. दीड वर्षानंतर माझा भाऊ माझ्याशी बोलला तो हे वाक्य. मी म्हणालो, "आहेत. दोन टाकतो." आणि टाकल्या.

रक्त आवडतं म्हणे.

अहो, रक्तावरच खपत असतं तर हा धंदा किती सोपा झाला असता! निन्टेंडोचा स्प्लॅटून बघा. बंदुका आहेत, पण त्यातून रंग उडतो. सगळी रंगपंचमी. रक्ताचा थेंब नाही. २०२२ मध्ये त्याचा तिसरा भाग आला आणि एकट्या जपानात पहिल्या तीन दिवसांत साडेचौतीस लाख खपला. फोर्टनाइटमध्येही रक्त दिसत नाही, अख्ख्या जगाची पोरं तो खेळली. आणि उलट बाजूला सोनीचा कॉन्कॉर्ड. गोळीबार भरपूर, पैसाही ओतलेला. २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद. लोकांना पैसे परत करावे लागले. बंदूक दाखवली की गिऱ्हाईक धावत येतं, असं असतं तर हा पडला असता का? पण एवढं वाचायचं कशाला, व्यासपीठावरून घाबरवलं की टाळ्या मिळतात.

मला विचारा हे का खपतात. मी सांगतो.

मी सुरुवात केली ती २००३-०४ च्या सुमारास, एसटी स्टँडाजवळच्या सायबर कॅफेत, काउंटर-स्ट्राइकवर. तासाला वीस रुपये. दादाच घेऊन गेला होता. तिथे आमच्यासारखी दहा पोरं, पाच-पाचाच्या दोन बाजू, आणि मॅप, म्हणजे खेळातलं मैदान, एकच, डस्ट टू. दुसरा मॅप कोणी लावला तर आरडाओरडा व्हायचा. आमच्या गल्लीतला प्रत्येक बोळ जसा डोळे मिटून सांगता येतो, तसा तो मॅप आम्हाला पाठ होता. बोगद्यातून किती सेकंदांत पोचतो, दाराच्या फटीतून कोण दिसतं, सगळं. हा खेळ काही मोठ्या कंपनीच्या डोक्यातून निघालेला नव्हता. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन पोरांनी १९९९ मध्ये हाफ-लाइफ या दुसऱ्याच गेमची मोडतोड करून तो बनवला, आणि हाफ-लाइफवाल्या व्हॉल्व कंपनीने नंतर आपल्याकडे घेतला. नियम पाच मिनिटांत कळतात. एका बाजूने बॉम्ब लावायचा, दुसऱ्या बाजूने तो निकामी करायचा. मेलात तर डाव संपेपर्यंत बसून बघायचं. विटी-दांडूसारखं साधं, पण हात बसायला वर्षं जातात. ज्याला मैदानावर कोणी घेत नव्हतं असा आमच्यातला एक बारका, चष्मेवाला पोरगा तिथे राजा होता. त्याच्या नेमाला तोड नव्हती. तो आत आला की पोरं खुर्ची सोडायची.

ही गोष्ट ज्याने अनुभवली नाही त्याला कशी सांगू? नेम लागला की कानात एक बारीक 'टिक' वाजतं. कॉल ऑफ ड्यूटीत तो आवाज इतका नेटका आहे की बोटाला कळतं, लागली. हात हलवला की त्याच क्षणी पडद्यावर हललं पाहिजे, मधे जराही रेंगाळायला नको. या लोकांनी कन्सोलवर सेकंदाला साठ चित्रांचा हट्ट धरला, तेव्हा बाकीचे बरेच जण तिसावर भागवत होते. गिऱ्हाइकाला आकडा कळत नाही, हाताला कळतं. चांगल्या बॅटचा मधला भाग चेंडूला लागतो तेव्हा जसं वाटतं तसं. त्यात रक्ताचा काय संबंध?

मग २००७ चा कॉल ऑफ ड्यूटीचा भाग, मॉडर्न वॉरफेअर, आला आणि त्यांनी आणखी एक गोष्ट पक्की केली. हरलात तरी काहीतरी मिळतं. थोडे गुण, एक पायरी वर, एक नवी दुर्बीण बंदुकीवर लावायला. मेलात तर दोन-चार सेकंदांत परत मैदानात. दिवसभर साहेबाच्या शिव्या खाऊन आलेल्या माणसाला पंधरा मिनिटांत 'तू काल होतास त्यापेक्षा थोडा पुढे गेलास' असं दुसरं कोण सांगतं? आणि दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे नवा भाग हजर. आपल्याकडे दिवाळी अंक येतात तसा. एका स्टुडिओला वर्षभरात झेपत नाही म्हणून तीन-तीन स्टुडिओ आळीपाळीने बनवतात. २०११ च्या भागाने सोळा दिवसांत शंभर कोटी डॉलरची विक्री केली. ते काय सगळे खुनशी होते? अर्धे तर माझ्यासारखे, ज्यांचे मित्र तो घेणार होते म्हणून घेणारे. चार मित्रांतल्या तिघांनी घेतला की चौथ्याला घ्यावाच लागतो. माझ्या मते विक्रीचं निम्मं कारण इथेच आहे.

आता त्या रात्रीचं पुढचं सांगतो.

वॉरझोनमध्ये पहिल्यांदा मेलात की गुलागमध्ये, म्हणजे तुरुंगात टाकतात. तिथे एकास एक लढत. जिंकलात तर परत. मी हरलो. माझं पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या वर, सर्व्हर युरोपातला. हरलेल्याला परत आणायचा एकच मार्ग. जोडीदारांनी मॅपवर ठिकठिकाणी असलेल्या खरेदीच्या पेटीपाशी जायचं आणि साडेचार हजार मोजायचे. पैसे खेळातलेच, पण ते जमवायला घरं धुंडाळावी लागतात, आणि त्या पेटीपाशी लोक टपून बसलेले असतात. मी पडद्यावर बघत होतो. पुतण्याकडे पैसे नव्हते. दादाकडे पाच हजारांच्या आसपास होते आणि तेवढ्यात त्याला स्वतःसाठी चांगलं सामान घेता आलं असतं. तो उघड्या रस्त्यावरून धावत गेला. त्याला दोन गोळ्या लागलेल्या मला दिसल्या. पेटीपाशी गुडघ्यावर बसला आणि त्याने मला विकत घेतलं.

दीड एकरासाठी ज्याने मला वकिलाची नोटीस पाठवली होती, तो माणूस.

मी आकाशातून उतरत होतो आणि माईक बंद करून रडत होतो. बायको दारात येऊन उभी राहिली, तिला वाटलं कोणी गेलं की काय. तेव्हा तशाच बातम्या येत होत्या. पाहुण्यांनी त्या रात्री माझ्या मनात काय शिजतंय ते ओळखायला यायला हवं होतं.

असो. राग थोडा उतरलाय, तेव्हा दुसरी बाजूही लिहितो. पोरं रात्र-रात्र जागतात, खरं आहे. बंदुकीला नुसता रंग लावायचे पैसे घेतात आणि लहान पोरांना आईबापाच्या कार्डावर हात मारायला शिकवतात, हे मला मुळीच आवडत नाही. कॉल ऑफ ड्यूटीच्या २००९ च्या भागात विमानतळावर निःशस्त्र माणसांवर गोळीबाराचा जो प्रसंग होता तो मी कधीच खेळलो नाही, खेळणारही नाही. आणि या गेममध्ये अमेरिकेचा सैनिक बहुतेक वेळा बरोबर असतो हेही मला खटकतं. डब्यावर वय अठरा लिहिलेलं असतं, ते पाळा. माझी लेक आठवीत आहे, तिला मी अजून खेळू दिलेलं नाही.

पण म्हणून खेळणाऱ्या प्रत्येकाला संशयित ठरवायचं? आपल्याकडे २०१८ मध्ये पबजी मोबाइलवर आला तेव्हा काय झालं आठवा. डेटा स्वस्त झालेला, दहा हजारांच्या फोनवर चालायचा, फुकट होता. ज्याच्या घरी कधी कॉम्प्युटर आला नाही, पुढेही येणार नाही, तो पोरगा पहिल्यांदा शंभर जणांच्या मैदानात उतरला. पहिल्या काही मॅचमध्ये समोर बरेचसे बॉट, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेले खेळाडू, सोडलेले असायचे, म्हणजे नवख्याला चार-पाच तरी मारता यायचे आणि वाटायचं, अरे, जमतंय की आपल्याला. धंद्याची युक्ती आहे, मला कळते. पण 'जमतंय तुला' हे त्या पोराला तोवर शाळेत कोणी म्हटलं होतं का? २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी गेला. आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा दोन दिवस जेवला नव्हता. त्याची आई म्हणाली, व्यसन. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "काका, माझ्या टीममधले दोघं नागपूरचे होते. त्यांचा फोन नंबर मी घेतलाच नव्हता."

पाहुण्यांनी या पोराशी दहा मिनिटं बोलावं. बाकी काही मागणं नाही माझं.

दादा मे २०२२ मध्ये आला. तोवर आमच्या दोनेकशे रात्री एकत्र गेल्या होत्या. इथले साडेदहा म्हणजे उन्हाळ्यात त्याच्याकडचे संध्याकाळचे सहा. जमिनीचा विषय त्या काळात कधी निघाला नाही, निघायची गरजही राहिली नाही. वाटणी झाली, विहीर सामाईक ठेवली. निबंधक कार्यालयाच्या बाकावर आम्ही नंबर येण्याची वाट बघत बसलो होतो, ऊन मी म्हणत होतं, आई दोघांच्या मध्ये. आमचं नाव पुकारलं. मी उठलो तर पाय लटपटत होते, अण्णांची आठवण झाली. दादाने मागून पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं,

"प्लेटा आहेत का तुझ्याकडे?"