कच्चं दूध विकणं गुन्हा नाही

‘गोठ्यातलं कच्चं दूध विकायला कायद्याने बंदी आहे. परदेशात ते केव्हाच बंद झालं. उकळलं तरी ते विषारीच राहतं. रतीब आजच तोडा, पिशवी घ्या.’ हा मजकूर सध्या आमच्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. आमच्या वाड्यावर दोन म्हशींच्या दुधावर घर चालवणाऱ्या एका बाईंचे तीन रतीब त्यापायी तुटले, म्हणून हे लिहितोय.

आधी बंदीचं बघू. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, त्याखालचे नियम २०११ चे. गोव्यात अंमलबजावणी एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे. दूध पाश्चराइझ करूनच, म्हणजे ठरावीक तापमानाला तापवून जंतू मारूनच विकावं, अशी सक्ती त्यात शेतकऱ्यावर नाही. स्पष्ट मनाई आहे ती पाणी घातलेलं दूध विकायला! दूध निरोगी जनावराचं हवं, त्यात चीक नको, बाहेरून काही घालायचं नाही आणि आतलं काही काढायचं नाही. गाईच्या दुधात फॅट किमान ३.२ टक्के आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक, ८.३ टक्के हवेत. कच्चं असणं म्हणजे भेसळ नव्हे.

याच कायद्याखाली विक्रेत्याने करायच्या नोंदणीबद्दल मात्र त्या मजकुरात अवाक्षर नाही. सहकारी संस्थेचा सभासद असून सगळं दूध संस्थेलाच घालणाऱ्याला नोंदणीतून सूट आहे. घरोघर रतीब घालणाऱ्याला नोंदणी घ्यावी लागते. छोट्या विक्रेत्याला २०११ च्या नियमांप्रमाणे फी वर्षाला १०० रुपये. आपल्याकडे अनेकांनी ती घेतलेली नाही, हे मान्य करायलाच हवं. मग कुणी बंदीची भीती घातली की दाखवायला हातात कागद नसतो.

परदेशाचं म्हणाल तर कॅनडात १९९१ पासून आणि स्कॉटलंडमध्ये १९८३ पासून विक्री बंद आहे, हे खरं. पण इंग्लंडमध्ये शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकू शकतो. अमेरिकेत १९८७ पासून राज्याच्या सीमेपलीकडे विकता येत नाही, राज्याच्या आत काय चालेल ते ज्याचं त्याने ठरवायचं. जर्मनीत गोठ्यावर विक्री चालते, फक्त ‘पिण्याआधी उकळा’ अशी पाटी लावावी लागते. आपल्या घरोघरी आजी पाटीशिवाय तेच करत आली.

आता ‘उकळलं तरी विषारी’. डेअरीत पाश्चराइझ करताना दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात. क्षयाचे आणि ब्रुसेलोसिसचे (जनावरांकडून माणसाला होणाऱ्या तापाचे) जंतू तेवढ्याने मरतात. आपण तर दूध वर येईपर्यंत तापवतो, म्हणजे जवळजवळ शंभर अंश. काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक कवचातली सुप्त रूपं, मात्र उकळीतही तगतात, म्हणून आपल्या उकाड्यात दूध ओट्यावर तासन्‌तास ठेवू नका. निवलं की फ्रीजमध्ये. आणि धारोष्ण दूध म्हणजे अमृत, असं सांगणारेही तितकेच चुकतात. ब्रुसेलोसिसचा ताप पुन्हापुन्हा उलटतो, सांधे धरतात. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना त्याची लस देतात. जनावरांना ती दिली का, हे आपल्या दूधवाल्याला जरूर विचारा.

पिशवीशी माझं भांडण नाही. कुर्टीच्या गोवा डेअरीला दूध घालणारेही आपलेच शेतकरी. त्या बाईंच्या नोंदणीचा अर्ज मी या आठवड्यात भरून देतोय. पावती आली की ती घेऊन आम्ही दोघं त्या तीन घरी जाणार आहोत.